किरुनाचे चर्च आणि खालची खाण

महोदय,

स्वीडनमधील किरुना येथील १९१२ सालचे लाकडी चर्च ऑगस्ट २०२५मध्ये सुमारे पाच किलोमीटर सरकवले गेले, त्याची छायाचित्रे सर्वांनी कौतुकाने पाहिली. मात्र त्यामागची अजस्र भूमिगत लोहखाण बातम्यांत ओझरतीच आली. आपल्या गोव्यातल्याप्रमाणे सुरुवातीला उघडा डोंगर खोदणारी ही खाण १९६०च्या दशकात जमिनीखाली गेली. तेथे खनिजाच्या थरात आडवे बोगदे काढून छतात पंख्याच्या पात्यांसारखी पसरत जाणारी भोके पाडतात, मध्यरात्र उलटल्यावर सुरुंग उडवतात आणि कोसळलेले खनिज यंत्रांनी उपसून चालकविरहित गाड्यांतून नेतात. रिकाम्या जागेत वरचा खडक मुद्दाम ढासळू दिला जातो आणि थर तिरका, थेट शहराच्या दिशेने उतरत असल्याने खाण जितकी खोल जाते, तितकी भेगांची हद्द घरांकडे सरकते.

— एक वाचक, फोंडा