हडपसर ते वसई, १८०२

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बाळापेक्षा तूच जास्त रडत होतीस. दीड महिन्याच्या लसीचा डोस, मांडीला आलेली गाठ, रात्रभर ताप. फोन ठेवल्यावर मला झोप लागेना. तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, ती आता लिहूनच काढते.

शाळेत पंचवीस वर्षं मी १८०२ साल शिकवलं. तुझंही ते पाठ आहे. आदल्या वर्षी पेशव्यांनी विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं. त्यांचे भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून आले आणि २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, आपल्या या हडपसरच्या माळावर शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडाला. पेशवा दुसरा बाजीराव आधी सिंहगडावर गेला, मग कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या आसऱ्याने वसईला पोचला. तुझं माहेर आणि सासर ही त्याच पळापळीची दोन टोकं. ३१ डिसेंबरला तह झाला: इंग्रजांच्या सहा पलटणी आणि त्यांच्या खर्चापोटी वर्षाला २६ लाखांचा मुलूख. राज्य खरं तिथेच गेलं, असं मी वर्गात सांगायचे. आजही तसंच मानते.

पण त्याच वर्षाच्या १४ जूनला मुंबईत काय झालं, ते मी एकाही वर्गाला सांगितलं नाही, याची आता फार रुखरुख लागते.

त्या दिवशी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर देवीची लस टोचली. हिंदुस्थानात ती लस पहिल्यांदा लागू पडली ती तिच्या अंगावर. इंग्लंडमध्ये जेन्नरने गाईच्या देवीची लस १७९६ मध्येच टोचून दाखवली होती, पण ती इथवर जिवंत पोचतच नव्हती. लांबचा समुद्रप्रवास आणि उन्हाळा, वाटेतच तिचा जोर संपायचा. शेवटी व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, तिथून बगदाद, बसरा आणि मग जहाजाने मुंबई, अशी ती आली. पुढे तर तिला ठेवायला माणसाचं अंगच हवं होतं. एका मुलाच्या दंडावर फोड उठला, की आठवड्याभराने त्यातलं पाणी घेऊन दुसऱ्याला टोचायचं, त्याच्यावरून तिसऱ्याला. ॲनाच्या दंडावरून मुंबईतल्या आणखी मुलांना टोचलं आणि मग या दंडावरून त्या दंडावर अशी ती लस मद्रासपर्यंत गेली. मनू, ही सगळी साखळी लहान लेकरांची होती. प्रत्येक लेकराला ताप आला असेल आणि प्रत्येकाची आई रात्रभर उशाशी बसली असेल.

माझ्या आजीचा चेहरा तू पाहिला नाहीस. गालावर, कपाळावर, अगदी पापणीपर्यंत देवीचे वण. ती चार वर्षांची असताना घरात देवी आल्या. ती वाचली, पाठचा भाऊ गेला. त्याचं नाव ती कधीच घेत नसे, ‘धाकटा’ एवढंच म्हणायची. शीतळादेवीला दहीभाताचा नैवेद्य मात्र तिने एक वर्षही चुकवला नाही. आणि गावात देवी टोचणारा आला, तेव्हा मला कडेवर घेऊन सगळ्यांत पुढे तीच उभी होती, असं आई सांगायची. माझ्या दंडावरचा तो खोलगट गोल वण, ज्यात तू लहानपणी बोट घालून बसायचीस, तो त्या दिवसाचा. तुझ्या दंडावर तसा वण नाही, कारण तू जन्मलीस तेव्हा देवीच उरल्या नव्हत्या. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १९७५ चा.

गाठीवर गार पाण्याची घडी ठेव, चोळू नकोस. ताप उतरला नाही तर डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस. अडीच महिन्यांच्या डोसची तारीख कार्डावर बघून कळव. मी आदल्या दिवशीच वसईला येते. सुई टोचताना बाळाला मांडीवर मी घेईन, तू नुसती शेजारी बस.

तुझी,
आई