बडोद्याहून पत्र: दादाच्या पिकअपचे ब्रेक पाइप

बडोदे

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार. घरी सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. आईचे गुडघे होते तसेच आहेत. पत्र लिहिण्याचे कारण म्हणजे दादाच्या पिकअपचा मागचा ब्रेक पाइप फुटला. न्यायमंदिरापाशी दादाने ब्रेक दाबला आणि पेडल तळाशी गेले. पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पाइपांत ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांचे दोन कप्पे वेगळे असतात, त्यामुळे पुढचे ब्रेक लागले आणि गाडी थांबली. कुणालाही इजा झाली नाही. पण त्या दिवसापासून दादा म्हणतो, ‘थांबली ना?’ आणि मला रात्री झोप लागत नाही.

गाडीखाली शिरून मी सगळा पाइप पाहिला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी आले, तेव्हा गाडी त्या पाण्यात उभी होती, हे तुला ठाऊकच आहे. चॅसिसवर पाइप धरून ठेवणाऱ्या क्लिपांखाली तो चिखल अजून घट्ट बसलेला आहे. प्रत्येक पावसाळ्यात तो ओल धरतो आणि पाइप नेमका तिथेच गंजतो. पाइप पावणेपाच मिलिमीटर जाडीचा, त्याची भिंत जेमतेम ०.७ मिलिमीटर. जोरात ब्रेक दाबला की आत ७०-८० बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सत्तर-ऐंशी पट, दाब सहज चढतो. एका क्लिपखाली पाइप फुटला, याचा अर्थ बाकीच्या क्लिपांखाली तो शाबूत आहे असा होत नाही. इंजिनाखालून पलीकडच्या चाकाकडे जाणारा पाइप नखाने खरवडला, तर त्याच्या खपल्या हातात आल्या.

आमच्या गल्लीतला मिस्त्री म्हणतो, फुटलेला तुकडा कापून मध्ये पितळी जोड घालू, तासाभरात गाडी रस्त्यावर. रिंग दाबून बसवायचा तो जोड ब्रेकच्या पाइपावर मला मान्य नाही. एवढ्या दाबाखाली तो पाइपावरून सरकू शकतो. पाइपाचे तोंड फुलवून, म्हणजे चोंच काढून, नटाने जोडायचे म्हटले तर गंजलेल्या पाइपाचे तोंड फुलवताना चिरते. म्हणून एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत पाइप अखंड नवा हवा, आणि पुढचे-मागचे सगळेच पाइप एकदम बदलायला हवेत.

इथे तुला आपले कलाभवनातले भांडण आठवेल. तुझ्या वडिलांच्या फियाटला फ्रिजवाल्याकडून तांब्याचा पाइप आणून घालायचा तुझा हट्ट होता. धक्क्यांनी तांबे कडक होते आणि तडकते, असे मी म्हणत होतो, आणि त्यावरून आपण एकमेकांशी बोलेनासे झालो. आता तांबे-निकेलचा पाइप मिळतो, सुमारे ९० टक्के तांबे आणि १० टक्के निकेल. तो हाताने वळतो, गंजत नाही आणि त्याची दुहेरी चोंच सुबक येते. तू लगेच म्हणशील की मी तेव्हाच सांगितले होते. पण तू निव्वळ तांब्याचे सांगत होतास, हे मी विसरलेलो नाही!

जुने नट मी जंग सोडवणाऱ्या तेलात भिजवून ठेवले आहेत. साध्या पान्याने त्यांचे कोपरे झिजतात, म्हणून खाचेचा रिंग पाना आणला आहे. मागच्या होजपाशी, म्हणजे रबरी नळीपाशी, मात्र नटाबरोबर पाइपही पिळला जातो, तिथे तो कापावाच लागेल. जुने ऑइल काळे झाले आहे, ते पूर्ण काढून डॉट ४ प्रतीचे नवे ब्रेक ऑइल भरणार आहे. नवे असताना ते किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. दादा मांडवाचे सामान भरून पावागडच्या माचीवर जातो आणि तो उतार तूही उतरला आहेस; तिथे ब्रेक किती तापतात हे तुला ठाऊक आहे, म्हणून हे लिहितो. पाइपांत शिरलेली हवा काढताना मागची चाके लोंबती ठेवणार नाही, नाहीतर ओझ्याप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा ॲक्सलवरचा लोड व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजून मागचा दाब अडवून धरेल.

एवढे सगळे मला जमेल. जमत नाही ते दादाला पटवणे. नवरात्राच्या मांडवांची कामे तोंडावर आहेत, गाडी उभी राहिली की भाडे बुडते, आणि त्याचे हे म्हणणेही खोटे नाही. पण आता गाडी पुतण्याही चालवतो. माझे बोलणे म्हणजे दादाला धाकट्या भावाचा भित्रेपणा वाटतो; तुझे तो लहानपणापासून ऐकत आला आहे. तू त्याला फोन करून, सगळे पाइप बदलेपर्यंत गाडी हलवू नकोस, एवढे सांग.

नव्या घराचे कळले, फार आनंद झाला, वहिनींना नमस्कार. लेकीच्या बारावीचे काय झाले, तेही कळव.

तांबे-निकेलच्या पाइपाचे २५ फुटांचे एक वेटोळे आणि चोंच फुलवायचे तुझे अवजार पुण्याहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठव. नट १० मिलिमीटरचे, १ मिलिमीटर पिचचे (आट्यांमधले अंतर) आहेत. चोंच आत दुमडलेली, ४५ अंशांची आहे, बुडबुड्यासारखी गोल नाही. हे मी नट काढून, बैठक पुसून पाहिले आहे, तेव्हा साचा त्याच मापाचा दे.

तुझा,
आप्पा