'ळ' साठी थँक्यू, ताई

ताई, नमस्कार. तुमचा जुना नंबर लागत नाही, व्हॉट्सअ‍ॅपला एकच टिक येते, आणि तुम्ही जिथे कामाला होतात त्या खासदारसाहेबांच्या ऑफिसात फोन केला तर म्हणाले त्या मॅडमचं कामाचं वर्ष संपलं, त्या गेल्या, कुठे गेल्या माहीत नाही. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय, तुमच्या ओळखीचं कुणी वाचलं तर पोचवेल. मी डहाणूचा, ज्याचा भाऊ कराचीच्या मलीर जेलात होता आणि जो तुम्हाला रात्री अकराला पण फोन करायचा तो. आठवलं असेल.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्या पाड्यांवरची पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, ओखा, पोरबंदर, वेरावळ. हातात आधी उचल मिळते, ती घरात खर्च होते, मग ती फेडेपर्यंत समुद्र. तिकडे कच्छच्या टोकाला सर क्रीक म्हणून 96 किलोमीटरची खाडी आहे, भारत म्हणतो हद्द खाडीच्या मधून जाते, पाकिस्तान म्हणतो पूर्वेच्या काठावरून, आणि हे भांडण मिटलेलंच नाही त्यामुळे पुढे समुद्रातली रेघ पण दोघांनी मिळून कधी पक्की केलेली नाही. जीपीएस तांडेलाकडे, म्हणजे बोट चालवणाऱ्याकडे असतो, खलाशी जाळं ओढत असतो, त्याला काय कळणार आपण कुठे आहोत. 2021 ला शिमग्याच्या आधी भावाची बोट पाकिस्तानवाल्यांनी धरली. त्याच वर्षी नोव्हेंबरात वडराईचा एक खलाशी त्यांच्या गोळीबारात गेला, आपल्याच पालघर जिल्ह्यातला, तेव्हापासून आमच्या आईनं टीव्हीवरच्या बातम्या बघणं बंद केलं ते आजपर्यंत.

आम्ही निवेदनं दिली, इकडे दिली, तिकडे दिली. प्रत्येक ठिकाणी गोल शिक्का मारून पोच मिळाली, पोचींचीच एक फाईल झाली. मग कुणीतरी सांगितलं की दुसऱ्या जिल्ह्यातले एक खासदार आहेत, ते परदेशाच्या विषयांवर बोलतात, त्यांना लिहून बघ. आमचं एक मत पण त्यांच्या मतदारसंघात नाही तरी लिहिलं, आणि फोन आला तो तुमचा.

पहिल्याच फोनला तुम्ही मला संसद शिकवलीत. प्रश्न विचारायचा तर 15 दिवस आधी नोटीस लागते, झिरो अवरला, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेला, त्याच दिवशी सकाळी 10 पर्यंत दिली तरी चालते, पण नंबर लागायला पाहिजे, आणि नियम 377 खाली मांडायचं तर सगळं मिळून 250 शब्द. मी तुम्हाला चौदा पानं पाठवली होती, त्यात आईच्या बीपीचं पण होतं. तुम्ही म्हणालात, दादा, हे सगळं खरं आहे पण साहेबांना बोलायला दोन मिनिटं मिळतील, मला फक्त त्याचं नाव, बोटीचं नाव, तारीख आणि गाव द्या.

डिसेंबर 2022 चं अधिवेशन. मी झेरॉक्सच्या दुकानात मोबाईल बाटलीला टेकवून संसद टीव्ही लावला होता, आजूबाजूला आठदहा माणसं. साहेब उभे राहिले आणि खरं सांगतो, चांगलं बोलले. 1 जुलैच्या यादीत आपले 633 मच्छीमार पाकिस्तानच्या ताब्यात आहेत म्हणाले, 2008 चा करार आहे म्हणाले, त्यात पकडल्यापासून 3 महिन्यांत आपल्या वकिलातीच्या माणसाला भेटू द्यायचं लिहिलंय, आणि शिक्षा संपून नागरिकत्व पक्कं झालं (म्हणजे हा आपलाच माणूस असं त्याच्या देशानं तपासून कळवलं) की 1 महिन्यात सोडायचं लिहिलंय, मग ही माणसं आत कशी. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची कमिटी कैद्यांना बघायला 2013 नंतर गेलीच नाही हे पण बोलले, ते तर मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. आणि मग तसेच न थांबता, कोरोनात बंद झालेला त्यांच्या स्टेशनवरचा गाडीचा थांबा परत सुरू करा! पीठासीन बाई म्हणाल्या एकच विषय, एकच विषय, आणि माईक बंद. दुकानात कुणीतरी हसलं.

मला जाम राग आला होता. तुम्हाला फोन करून नको ते बोललो, की आमची माणसं जेलात आणि यांना थांबा सुचतोय. तुम्ही शांतपणे म्हणालात, दादा, त्यांच्या गावची पोरं त्या गाडीनं कॉलेजला जायची, त्यांनी ते बोलायलाच पाहिजे, उलट तुमचं आधी बोलले हे बघा. त्या बोलण्याबद्दल सॉरी म्हणायचं राहून गेलं होतं, ते आता म्हणतो.

पण मी जे थँक्यू म्हणतोय ते भाषणासाठी नाही, खरं काम त्याच्यानंतर झालं. 1 जानेवारी 2023 ला दोन्ही देशांनी याद्या दिल्या (दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला देतात), त्यात आपले 654 मच्छीमार, आणि त्यातले 631 जण शिक्षा संपलेले, नागरिकत्व पक्कं झालेले. मी खूश की चला, जवळजवळ सगळेच त्यात आले. तुम्ही मात्र साहेबांच्या सहीचं पत्र मंत्रालयाला पाठवून भावाचं नाव विचारलंत आणि उत्तर आलं की त्याचं नागरिकत्वच अजून पक्कं नाही. म्हणजे 631 सोडून जे मोजके उरले त्यात आपला!

कारण काय तर बोट गुजरातची म्हणून पाकिस्तानात पत्ता पण गुजरातचा लिहिलेला, कागद गुजरातच्या पोलिसांकडे गेले आणि त्यांनी बरोबरच सांगितलं की असा माणूस इथे राहत नाही. आणि दुसरं म्हणजे आमच्या आडनावातला 'ळ'. तुम्ही कुणाला तरी विचारून मला सांगितलंत की उर्दूत 'ळ' नाहीच, पाकिस्तानातल्या मुन्शीनं 'ल' लिहिला, त्याचं इंग्रजी झालं, इंग्रजीवरून आपल्याकडे परत देवनागरी झाली आणि तोपर्यंत आमचं आडनाव दुसऱ्याच कुणाचं तरी झालं होतं. त्यात वडिलांच्या जागी आजोबांचं नाव. दोन वर्षं आम्ही परराष्ट्र धोरणाला शिव्या घालत होतो आणि माणूस अडकला होता एका अक्षरात.

मग तुम्ही माझ्याकडून रेशनकार्ड, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला असं सगळं परत मागवलंत. प्रत्येक कागदावर आडनावाखाली लाल पेनानं रेघ मारायला लावलीत, आणि वर एक साधं पान, की हा माणूस आणि यादीतला तो माणूस एकच. दाखल्यावर जन्मतारीख 1 जून होती, आमच्याकडे अर्ध्या गावाची 1 जूनच असते, गुरुजींची कृपा, ते पण तुम्ही हसत हसत त्या पानावर समजावून लिहिलंत. पंधरा दिवसांनी पोलीस चौकशीला घरी आले, आई घाबरली, मी पेढे आणायला धावलो.

12 मे 2023 ला वाघ्यावरून 198 जण आले त्यात तो होता. अमृतसर, तिथून ट्रेननं बडोदा, मग बसनं वेरावळ, मग घरी. दारात आला तेव्हा आईनं आधी त्याचे हात बघितले, का ते तिलाच माहीत. भाषणामुळे सुटला असं मी कुणाला सांगत नाही, त्या वर्षी दोन देशांनी ठरवलं म्हणून सोडले, आमच्यामुळे थोडेच. पण सोडायची यादी निघाली तेव्हा त्याचं नाव बरोबर लिहिलेलं होतं, ते तुमच्यामुळे.

आता तो समुद्रावर जात नाही, घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला आहे. मी झेरॉक्सचंच करतो. 1 जुलै 2025 च्या यादीत अजून 193 मच्छीमार होते, आणि कुणाच्या घरचं माणूस आत असेल तर लोक मला विचारत येतात, मी पहिलं आडनाव विचारतो आणि लाल पेन काढतो. कागदांचे पैसे घेत नाही त्यांच्याकडून.

भाऊ म्हणतो ताईंना चिकूची पेटी पाठवायची आहे. पत्ता कळवा. कच्चेच पाठवीन, दिल्लीपर्यंत जाता जाता पिकतील, पण तुम्ही दिल्लीत नसाल आणि जवळ कुठे असाल तर तसं सांगा, म्हणजे थोडे पिकलेले बघून देतो.