रिफमधल्या रिकाम्या जागेविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे ध्वनिमुद्रण दोन्ही मिळाले. टॅबमध्ये भक्कम दिसणारी तुझी रिफ, ती पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी ओळ, ॲम्प्लिफायरमधून ऐकली की तिचा चिखल होतो, असे तू लिहिले आहेस, आणि कोणते स्वर बदलावेत असे मला विचारले आहेस. मी ती दहा-बारा वेळा ऐकली. माझ्या मते एकही स्वर बदलण्याची गरज नाही. तुझे स्वर योग्य ठिकाणी सुरू होतात, पण ते योग्य ठिकाणी संपत नाहीत. टॅबमध्ये कोणती तार कोणत्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीवर) दाबायची हे लिहिलेले असते. तो आवाज नेमका केव्हा बंद करायचा हे बहुतेक वेळा लिहिलेले नसते, आणि मेटलमधली, म्हणजे त्या जड रॉक संगीतातली, रिफ बरीचशी या न लिहिलेल्या भागातच घडते.

हे मला उशिरा कळले. मेटलच्या ध्वनिमुद्रणात तीच रिफ दोनदा वाजवून एक डाव्या आणि एक उजव्या बाजूला ठेवण्याची पद्धत आहे, हे तुला ठाऊक आहेच. मी पहिल्यांदा तसे करून पाहिले तेव्हा दोन्ही बाजूंचे आघात जवळजवळ एकत्र पडत होते, कारण मेट्रोनोमवर सराव केला होता तो आघातांचाच. पण प्रत्येक आघातानंतर डावीकडची तार आधी थांबत होती आणि उजवीकडची उगाच लांबत होती, आणि त्या दोन शेवटांच्या मधल्या फटीत सगळी रिफ विस्कटत होती. त्या दिवसापासून मी थांबण्याचा स्वतंत्र सराव सुरू केला: एक पॉवर कॉर्ड (मूळ स्वर आणि त्याचा पंचम यांची जोडी) ठोक्यावर वाजवायची आणि पुढच्या ठोक्यावर काहीही न वाजवता ती तोडायची, इतकेच. ऐकायला सोपे वाटते, पण मला ते स्वच्छ जमायला कित्येक आठवडे लागले.

तोडण्याच्या कामाला दोन्ही हात लागतात. उजव्या तळहाताची करंगळीकडची कड तारांवर ब्रिजजवळ (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे) टेकते आणि त्याच वेळी डाव्या हाताची बोटे दाब सोडतात, पण तारांवरून उठत नाहीत. बोटे उचलली तर मोकळ्या तारा बोलू लागतात, आणि एकच बोट पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटच्या नेमके वर हलके टेकले तर हार्मोनिक, म्हणजे एक उंच पातळ स्वर, शीळ घालतो. म्हणून किमान दोन-तीन बोटे आडवी टेकलेली बरी. पाम म्यूटिंगमध्येही, म्हणजे तळहाताने तारा किंचित दाबून वाजवतानाही, हीच कड काम करते. ती ब्रिजपासून काही मिलिमीटर पुढे सरकली तर स्वर मरून नुसता ठोका उरतो आणि मागे सरकली तर तार मोकळी वाजते, आणि या अवघ्या काही मिलिमीटरमध्ये इतक्या छटा आहेत की मी आजही रोज सुरुवातीची दहा मिनिटे केवळ सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड, मोकळ्या तारेवर ती जागा शोधण्यात घालवतो.

आता गेनविषयी, म्हणजे डिस्टॉर्शनची खरखर किती ठेवायची त्याविषयी. तुझ्या ध्वनिमुद्रणात तो फार आहे. निम्मा कर आणि पुन्हा ऐक. डिस्टॉर्शन स्वरांना नुसते खरखरीत करत नाही, ते एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या बेरजा आणि वजाबाक्याही आवाजात मिसळते. सहाव्या तारेचा ई सुमारे 82.4 हर्ट्झचा आणि त्याचा पंचम बी सुमारे 123.5 हर्ट्झचा, त्यांतला फरक 41च्या आसपास येतो, म्हणजे मूळ ई खालच्या सप्तकात आपोआप उभा राहतो. षड्ज-पंचमाची पॉवर कॉर्ड डिस्टॉर्शनमध्ये इतकी रुंद आणि भरीव का वाटते याचे एक मोठे कारण हे आहे. त्याच कॉर्डमध्ये खालच्या पट्टीत गांधार घातला की मूळ स्वराशी नीट न जुळणाऱ्या बेरजा-वजाबाक्यांची गर्दी होते. तू तिसऱ्या मात्रेपासून पूर्ण मेजर कॉर्ड घेतली आहेस, तिथे हेच झाले आहे. तेवढा गांधार काढून टाक, किंवा तो वरच्या तारांवर सुटा वाजव. (कोणता स्वर बदलू नकोस असे वर लिहिले ते मला मागे घ्यावे लागते आहे, हा एक स्वर गाळायचा आहे.)

गिटारवादक टोनी आयोमीची हकीकत तू वाचली असशीलच. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात नेमका तोच होता. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोप्या बनवल्या, हलक्या तारा लावल्या, आणि ‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या बँडच्या 1971मधल्या तिसऱ्या अल्बममधल्या काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वरांनी खाली उतरवली. ही गोष्ट बहुधा जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण मी तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळतो ते 1970च्या त्यांच्या पहिल्या अल्बममधल्या पहिल्याच गाण्यासाठी. त्याच्या मुख्य रिफमध्ये मूळ स्वर, त्याच्यावरच्या सप्तकातला तोच स्वर आणि मग तीव्र मध्यम, एवढेच साहित्य आहे, आणि त्या तीव्र मध्यमाला थरथरायला जी मोकळी जागा दिली आहे तिच्यातूनच सगळी भीती येते. त्याच स्वरांची दाटी करून वाजवून पाहा, ती भीती निघून जाते.

माझी अलीकडची एक रिफ तुला उलगडून सांगतो, म्हणजे मी काय म्हणतो आहे ते हाताला कळेल. चार ठोक्यांचे एक आवर्तन, प्रत्येक ठोक्याचे चार भाग, असे सोळा भाग घे आणि त्यांची तीन, तीन, तीन, तीन आणि चार अशी विभागणी कर. प्रत्येक गटाच्या पहिल्या भागावर म्यूट न केलेली कॉर्ड, आणि पहिल्या चार गटांतल्या उरलेल्या दोन-दोन भागांवर सहाव्या तारेचा पाम म्यूट केलेला ई. कॉर्ड क्रमाने ई, ई, एफ, बी फ्लॅट आणि पुन्हा ई. एफ म्हणजे कोमल ऋषभ, जो फ्रिजियन या पाश्चात्त्य स्वरमालेत असतो आणि आपल्या भैरवी थाटातही. बी फ्लॅट म्हणजे तीव्र मध्यम, तो दोन्हींबाहेरचा. एफ सहाव्या तारेच्या आणि बी फ्लॅट पाचव्या तारेच्या पहिल्याच फ्रेटवर मिळत असल्याने हात जागचा हलत नाही. गटांचे आघात पहिल्या ठोक्यावर ड्रमसोबत पडतात, मग दोन ठोके ते ड्रमला चुकवत राहतात आणि थेट चौथ्या ठोक्यावर पुन्हा भेटतात. ती भेट झाल्यावर तीन भाग उरतात. आधी मी त्यांत वरच्या तारांवरची एक छोटी धाव भरली होती, जी मला फार आवडत असे आणि जिच्यावर मी सर्वाधिक मेहनत घेतली होती. ती काढून टाकायला मला महिना लागला. आता तिथे संपूर्ण शांतता आहे, आणि पुढच्या आवर्तनातला पहिला ई त्या शांततेमुळे दुप्पट जड वाटतो.

वेगाविषयी एकच सांगतो, कारण त्यात मी स्वतःला इजा करून घेतली आहे. सगळे आघात खालच्या दिशेनेच वाजवले की प्रत्येकाची धार सारखी राहते, म्हणून थ्रॅश या वेगवान मेटलचे वादक डाऊनपिकिंगचा आग्रह धरतात. पण मिनिटाला 200 ठोके आणि प्रत्येक ठोक्याला दोन आघात म्हणजे सेकंदाला साडेसहाहून अधिक आघात होतात. मी ताठ मनगटाने तिथे पोहोचण्याचा हट्ट केला आणि मला दोन महिने गिटार खाली ठेवावी लागली. पुन्हा सुरुवात केली ती 110पासून, आणि हात सैल राहिला असेल तरच दुसऱ्या दिवशी चार ठोके वाढवले. दुखू लागले तर त्याच क्षणी थांब, गाणे पूर्ण करण्याच्या मोहात पडू नकोस.

तुझ्या रिफकडे पुन्हा येतो. तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटी तू जी चढती स्वरावली घेतली आहेस ती तुझी लाडकी आहे हे वाजवण्यातूनच कळते. ती एकदा गाळून, तेवढी जागा पूर्ण मोकळी ठेवून, गेन निम्मा करून रिफ दोनदा ध्वनिमुद्रित कर आणि दोन्ही बाजू मला वेगवेगळ्या पाठव. मी माझ्या रिफच्या दोन्ही बाजू अशाच सुट्या पाठवत आहे. दुसऱ्या आवर्तनात उजवीकडची बी फ्लॅट अजून किंचित उशिरा थांबते. तुला ती ऐकू येते का, ते मला कळव.

तुझा मित्र