वस्ताद, तुम्ही घेऊ दिला नाहीत त्या पिस्टनबद्दल

वस्ताद, नमस्कार.

हे पत्र नातवाकडून वाचून घ्या. मोबाइलवरचं बारीक अक्षर तुम्हाला दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. नुसता मेसेज केला असता तर तो गिऱ्हाइकांच्या 'गाडी झाली का' मध्ये बुडून गेला असता. शिवाय हे चार जणांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. बाहेरदेशी राहणारी आपली सोलापूरची पोरं मला सारखं विचारतात, 'जुन्या बुलेटचे पार्ट कुठून मागवतेस?' दर वेळी फोनवर अर्धा तास तुमच्याबद्दल बोलते. आज ते तुमच्याशीच बोलते.

मागच्या ऑक्टोबरात मी इथे बर्मिंगहॅमला बुलेट घेतली. साडेतीनशे सीसी, बिडाच्या इंजिनाची, मद्रासला बनून नव्वदच्या दशकात जहाजाने इकडे आलेली. बाबांच्या बुलेटवर पेट्रोलच्या टाकीवर बसून मी विजापूर वेशीतल्या तुमच्या गॅरेजात यायचे, ते दिवस डोक्यात होते. बुलेटचा जन्म रेडिचचा, आणि ते गाव माझ्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर आहे. १९५५ साली मद्रासला काम सुरू झालं, रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, आणि १९७७ पासून भारतातल्या बुलेट इंग्लंडला यायला लागल्या. म्हणजे जिथे ही गाडी जन्मली तिथे मी राहते, आणि ती नीट चालावी म्हणून मला सोलापूरला फोन करावा लागला. याचा मला फार आनंद आहे.

नोव्हेंबरात थंडी पडली आणि गाडी बिघडली. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके. चढ लागला की इंजिनातून टकटक. एक्झॉस्टचा पाइप मुळाशी निळा पडलेला. इथल्या एका वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी उघडूनही न बघता सांगितलं की पिस्टन गेला, बोअर मारावा लागेल, आणि बाराशे पौंडांचा अंदाज हातात ठेवला. त्या रात्री मी ठरवलं की इंजिन खोलायचंच आहे तर हाय कॉम्प्रेशन पिस्टन टाकू, कार्बोरेटर मोठा बसवू, कॅमही बदलू. पिस्टन ऑनलाइन मागवून मोकळी झाले. बाबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "वस्तादला विचारलंस का?"

शनिवारी सकाळी आठला फोन लावला. तुमच्याकडे दुपारचा दीड, तुम्ही डबा उघडून बसला होतात. मी पिस्टनबद्दल बोलायला लागले आणि तुम्ही मला थांबवलंत. तीन प्रश्न विचारलेत. तिकडं थंडी किती? पेट्रोल कसलं? आधीच्या मालकानं काय काय बदललंय? मग म्हणालात, "अक्का, पिस्टन ऱ्हाऊ दे बाजूला. प्लग काढ. तो काय म्हणलालाय बघ आधी."

प्लग खडूसारखा पांढरा होता. म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं.

तुम्ही सोलापूर कधी सोडलं नाहीत. पुण्याच्या पलीकडे गेल्याचं मला तरी माहीत नाही. तरी बर्मिंगहॅमची हवा तुम्हाला इथल्या मिस्त्रीपेक्षा आधी कळली. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर, उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे. तिथली तापलेली हवा विरळ. इथली पाच अंशांची हवा त्यापेक्षा साधारण सहाव्या हिश्श्याने दाट. एका घोटात इंजिन जास्त हवा ओढतं, पेट्रोल मात्र जेटच्या, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या तुकड्याच्या, भोकातून त्या मानाने वाढत नाही. त्यात आधीच्या मालकाने एअर फिल्टर मोकळा बसवलेला, गोल्डस्टार पद्धतीचा मोकळा सायलेन्सर लावलेला, आणि मूळचा कार्बोरेटर टाकून बाजारातली नक्कल बसवलेली. तिच्यात ९० चा जेट; आकडा जितका मोठा तितकं भोक मोठं. वर पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल. इथे २०२१ च्या सप्टेंबरपासून साधं पेट्रोल तसंच मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. हे तुम्ही मला एका वाक्यात सांगितलंत: "हवा वाढली चार बाजूंनी, पेट्रोल हाय तेवढंच. गाडी उपाशी पळलाली." आपला जिल्हा उसाचा, पंपावर आता २० टक्क्यांचं पेट्रोल आलंय. फुगलेल्या रबरी नळ्या आणि चिकटलेले फ्लोट घेऊन लोक तुमच्याकडे येतात. म्हणूनच तुमचा दुसरा प्रश्न पेट्रोलचा होता, हे मला नंतर उमगलं.

मी लगेच विचारलं, "मग १२० चा जेट मागवू?" तुम्ही नाही म्हणालात. कार्बोरेटरला हात लावायच्या आधी तीन शनिवार तुम्ही मला दुसऱ्याच कामाला लावलंत.

पहिला शनिवार टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची ढील बघायचा. इंजिन थंडगार, पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. बाजूचं झाकण काढून पुशरॉड, म्हणजे तीच दांडी, दोन बोटांत धरायचा. बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. फट मोजायचं फीलर गेज नको म्हणालात. मला ते जमेना. तुम्ही गॅरेजातल्या एका उघड्या बुलेटपाशी मोबाइल नेलात, नातवाला तो धरायला लावलंत, आणि नट अर्धा आटा इकडे, अर्धा तिकडे फिरवून पुशरॉड घट्ट, सैल, बरोबर असा तीनदा करून दाखवलात. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तुम्ही मान वळवली नाहीत.

दुसरा पॉइंटचा, जो उघडला की प्लगला ठिणगी पडते, आणि तिसरा टायमिंगचा, म्हणजे ती ठिणगी कधी पडते त्याचा. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. पिस्टन टोकाला पोहोचायच्या ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट उघडला पाहिजे, आणि तो क्षण पकडायचा तर दोन टोकांमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलकेच ओढायचा, सुटला की तीच जागा. माझं टायमिंग फारच पुढे गेलेलं निघालं. वेग वाढला की ठिणगी आपोआप लवकर पाडणाऱ्या ऑटो ॲडव्हान्सच्या स्प्रिंगा सैल पडल्या होत्या. चढावरची टकटक बरीचशी तिथूनच येत होती. त्या दोन स्प्रिंगांची किंमत मी इथे सांगते तेव्हा लोकांना खरी वाटत नाही. बाराशे पौंडांच्या अंदाजात त्यांचं नावही नव्हतं.

मग जेट. वस्ताद, तो व्हिडिओ मी जपून ठेवलाय. तुमच्याकडे दोन जेट होते, दोन्हींवर १०० कोरलेलं, दोन वेगवेगळ्या डब्यांतले. तुम्ही म्हणालात, आकड्यावर जायचं नाही. दोन सारख्या नळ्यांच्या तळाशी एकेक जेट बसवलात, दोन्हींत सारखं पेट्रोल ओतलंत आणि नातवाला मोजायला सांगितलंत. एक नळी आधी रिकामी झाली. दोन्हींवर आकडा एकच, भोक मात्र वेगळं. बाजारात नकली डब्यातला माल कसा ओळखायचा याबद्दल मी पुष्कळ ऐकलं होतं, होलोग्राम बघा, छपाई बघा वगैरे. तुम्ही डब्याकडे बघितलंही नाहीत. त्यानंतर मी कुठलाही पार्ट मोजल्याशिवाय बसवलेला नाही.

९५, १००, १०५ आणि ११० असे चार तपासलेले जेट तुम्ही बाबांच्या हातात दिलेत. बाबांनी ते सोलापुरी टॉवेलच्या घडीत गुंडाळून, शेंगाचटणीच्या पुड्याबरोबर टपालाने पाठवले. त्याआधी एक चूक झाली होती, ती इथे सांगते म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही. नमुना म्हणून तुमच्याकडचा एक जुना कार्बोरेटर माझा आतेभाऊ विमानाने आणणार होता. धुतला तरी पेट्रोलचा वास जाईना, आणि पेट्रोलचा वास असलेला पार्ट विमानात नेता येत नाही. तो मुंबईलाच ठेवून यावा लागला. त्यामुळे वापरलेला कार्बोरेटर किंवा टाकी कुणाच्या बॅगेत देऊ नये. टपालाने पाठवताना फॉर्मवर वस्तूचं नाव आणि खरी किंमत लिहावी, बिल आत ठेवावं. इथे घरच्यांनी पाठवलेली भेट ३९ पौंडांपर्यंत असली तर कर लागत नाही. चार जेट, दोन स्प्रिंगा, एक कंडेन्सर आणि चटणी मिळून त्याच्या निम्मेही होत नव्हते.

एका वेळी एकच बदल, हा तुमचा नियम मी दरवाज्याच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलाय. ९५ लावला, दहा मैल चालवली, इंजिन तिथल्या तिथे बंद करून प्लग बघितला. पांढरा. १०० लावला. तरी फिकाच. १०५ ला प्लगचा रंग विटकरी झाला, पण अर्ध्या थ्रॉटलला गाडी अजून अडखळत होती. तुम्ही नीडलची, म्हणजे कार्बोरेटरमधल्या सुईची, क्लिप एक खाच खाली घ्यायला सांगितलंत, म्हणजे मधल्या थ्रॉटलला पेट्रोल वाढतं. घेतली. त्या रविवारी मी रेडिचला जाऊन आले. जाताना चढ आहे. टकटक नाही, फटाके नाहीत. परत आल्यावर गल्लीत गाडी उभी करून इंजिन बंद करायच्या आधी तुम्हाला फोन लावला आणि मोबाइल सायलेन्सरपाशी धरला. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "आता जेवली बघ."

पिस्टन मी परत पाठवला. त्यासाठी तर खास आभार. मी पैसे देऊन बसले होते, तुम्ही होकार दिला असता तर मी आनंदाने इंजिन खोललं असतं. कॉम्प्रेशन वाढवलं की सगळा दाब खाली कनेक्टिंग रॉडच्या बुशवर येतो, या बुलेटला तिथे बेअरिंग नसून तरंगता बुश असतो, आणि ९० मिलिमीटरचा लांब स्ट्रोक त्याला आणखी ताणतो, हे तुम्ही मला जुना झिजलेला बुश हातात धरून दाखवलंत. "तुला पळवायची हाय का चालवायची हाय?" असं विचारलंत. मला चालवायची होती. घर सोडून इतक्या लांब राहताना दुकानदार सगळे भेटतात, घेऊ नको असं सांगणारं माणूस मिळायला फार वेळ लागतो. मला ते पहिल्याच शनिवारी मिळालं.

माझ्या इंजिनावर काही आटे जुन्या इंची मापाचे आणि काही मिलिमीटरचे आहेत, हे पण तुमच्यामुळेच कळलं. एक्झॉस्टचा स्टड इथे दोन ठिकाणांहून मागवला, दोन्ही वेळा बसला नाही. तुम्ही व्हर्नियर आणि पिच गेज घ्यायला लावलंत, माप कागदावर काढून पाठवायला सांगितलंत, आणि अक्कलकोट रोडच्या तुमच्या ओळखीच्या लेथवाल्याकडून तसाच करून घेतलात. पाच करून घेतलेत, एक माझ्यासाठी आणि चार पुढे लागतील म्हणून.

पैशांचं विचारलं की तुम्ही दर वेळी तेच सांगता. जेटचे घेतले, स्टडचे घेतले, बोलायचे कसले घ्यायचे? सतरा शनिवार झाले, वस्ताद. मी मोजलेत. त्यातल्या प्रत्येक शनिवारी तुमचा डबा गार झाला, हे मला काकूंनी सांगितलं. त्यांचेही आभार मानते, आणि नातवाचेही. इतका वेळ हात न हलवता मोबाइल धरणं सोपं काम नाही.

टायमिंगच्या शनिवारी तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात की तुमच्या वस्तादांनी दिलेला पाच-सोळांशचा व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचा, पाना हरवला, आणि तसा पुन्हा मिळाला नाही. मी त्या दिवसापासून इथल्या जुन्या बाजारांतून शोधत होते. गेल्या रविवारी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या टेबलावर सापडला. जबडा झिजलेला नाही, मी मोजून घेतलाय. गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात येते आहे, तो घेऊन येईन. पहिल्या शनिवारी दीड वाजता गॅरेजात येते. डबा माझ्याकडून.

तुमची,
अक्का