कडेचा हात

सोलापूर,
१० मार्च

प्रिय पद्मे,

दिवाळीपासून ना पत्र, ना फोन. रागावली असशील तर रास्तच आहे. इकडे सगळे बरे, माझा गुडघा आहे तसाच. पण परवा जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

महिला दिनाला आमच्या मंडळाने फोटोंचं प्रदर्शन भरवलं. दारातच सावित्रीबाई, अहिल्यादेवी, गोदूताई परुळेकर. गोदूताई हव्यातच गं. कुंभारीच्या विडी कामगार बायकांच्या १०,००० घरांना त्यांचंच नाव आहे आणि २००६ पासून आपली निम्मी गल्ली तिकडेच राहते. आत प्रत्येकीने आपल्याला घडवणाऱ्या बाईचा फोटो लावून खाली तिची गोष्ट लिहायची होती. मी तुझ्या अम्माचा लावला, तुला न विचारता. तोच, ओसरीवरचा. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बोटांत अर्धी वळलेली विडी. एक बाई म्हणाली, सूप कापून नुसता चेहरा मोठा करू. मी साफ नाही म्हटलं. सुपाशिवाय अम्मा कुठली?

खाली लिहिलं, माग बंद पडल्यावर अम्माने रोज हजार विड्या वळून धाकटीला शिक्षिका केलं. दोघीतिघींनी ते मोबाइलवर उतरवूनही घेतलं.

दुपारी तुझी अक्का आली. चष्मा लावून उभ्या उभ्या सगळं वाचलं. मग फोटोच्या कडेला बोट ठेवून म्हणाली, "हा माझा हात."

पद्मे, तो फोटो मी शंभरदा पाहिलाय. पानावर पत्रा दाबून कात्री चालवणारा तो हात मला कधी दिसलाच नव्हता. सातवीतून काढलं तिला. त्या हजारातली निम्मी पानं तिनेच कापलेली असायची. कारखान्यात विड्या नापास झाल्या की बोलणीही तिलाच. आणि आपण दोघी तिने रचलेल्या पानांची चळत उधळून पळायचो! कोणी उधळली यावर तू आजही भांडशील. तूच उधळलीस.

"चांगलं लिहिलंस गं," एवढंच म्हणाली. पिशवीतून शेंगाचटणीची पुडी काढून माझ्या हातात दिली आणि रिक्षा पकडायला गेली.

तेव्हापासून झोप नाही. मी खोटं लिहिलं नाही, पण तिला गाळलं. लिहिताना ती आठवली नव्हती असंही नाही. अक्काची शाळा सुटली हे लिहिलं तर अम्माला कमीपणा येईल, असं वाटलं. अम्माला मात्र ते शेवटपर्यंत टोचत होतं. दवाखान्यात अक्काचा हात धरून ती काय म्हणाली, ते आपण दोघींनी ऐकलंय.

फोटो महिनाअखेरपर्यंत तिथेच आहेत. मला ती गोष्ट पुन्हा लिहायची आहे, अक्काच्या नावासकट. पण घर तुमचं. तू हो म्हण, आणि अक्काला तूच विचार. तिच्यासमोर माझं तोंड उघडत नाही. तिचा एकटीचा फोटो आहे का तुझ्याकडे? माझ्याकडे एकही नाही. तुझ्या लग्नात तरी काढला असेल ना, की तेव्हाही ती आत पानंच वाढत होती?

भाऊजींची बदली झाली का? पोरीचे दहावीचे पेपर कसे चाललेत? तिला माझे आशीर्वाद.

फोटो सापडला की लगेच पाठव.

तुझीच,
सुमा