ती धावपळ साळुंक्यांची नव्हे

महोदय,

‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके मुंबईतल्या एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये राम तेच, सीताही तेच. पुढे ते कॅमेऱ्यामागे गेले. हल्ली त्या काळच्या मूकपटांतली पात्रे भराभर धावपळ करताना दिसतात, म्हणून लोक हसतात, पण दोष नटांचा नाही. हाताने फिरवायचा कॅमेरा सेकंदाला साधारण १६ चौकटी, म्हणजे फितीवरची एकेक स्थिर चित्रे, टिपी. आज सर्रास २४ च्या वेगाने दाखवतात. ३५ मिमी फितीच्या फुटात १६ चौकटी, म्हणजे १००० फुटांचे रीळ पावणेसतरा मिनिटांऐवजी अकरातच उरकते. मग संथ हातवारा दिसणार कुठून? २४ च्या वेगातच बसवायचे तर दर दुसरी चौकट दोनदा घ्यावी. किंचित झटका जाणवतो, पण चाल माणसाची राहते.

– एक वाचक, नाशिक